अकरा तासांचं विद्यापीठ

२ मे, सकाळी

बबडीचा निकाल लागला. गणितात पैकीच्या पैकी. देवापुढे दिवा लावला. ह्यांनी पेपर खाली घेतला, छान म्हणाले, पेपर परत वर गेला.

बबडी म्हणते, पुढेही गणितच. डिग्री गणितातच करणार. मी म्हटलं, अगं पैकीच्या पैकी पडले म्हणजे गणित संपलं ना, आता उरलं काय शिकायचं? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला तिची आत्या आठवली.

फॉर्मवर पाच विद्यापीठं भरायची असतात. निर्णय सर्वस्वी बबडीचा. मी मध्ये पडणार नाही. एकुलती एक असली म्हणून काय झालं, मी तसल्या आयांमधली नाही. फक्त माहिती जमवून देणार. हिशेबाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती ह्या कामी लावली. नवी वही लागणार नाही. काम चार दिवसांचं आहे.

२ मे, दुपारी

विद्यापीठांची नावं वीतभर लांब, सगळी कुणा ना कुणाच्या स्मरणार्थ. तोंडात बसेनात. मी सुटसुटीत नावं दिली. वीस मिनिटांचं, दोन तासांचं, चार तासांचं, सात तासांचं आणि अकरा तासांचं. वीस मिनिटं बसने, बाकीचे तास रेल्वेचे. हे नुसतं सोयीसाठी. ह्यात पक्षपात नाही.

४ मे

रकाने आखले. जेवण, पाणी, प्रवास, सोबत, देवदर्शन, रविवारी घरी येता येतं का, आणि शिक्षण. प्रत्येकाला पाचपैकी गुण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे देवाच्या भरवशावर. घरातलं सगळं मी असंच ठरवते. मिक्सर असाच घेतला, चौदा वर्षं झाली, नुसता आवाज वाढलाय.

बेरीज: वीस मिनिटांच्या विद्यापीठाला पस्तीसपैकी तेहतीस. शिक्षणात दोन कापले, कारण तिथलं शिक्षण कसं आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलं की मधला आकडा द्यावा. अकरा तासांच्या विद्यापीठाला शिक्षणात पाच, बाकी सगळीकडे एक. एकूण अकरा. जितके तास तितके गुण. मी मुद्दाम केलं नाही, आपोआप आलं. आपोआप येतं ते वरून येतं.

५ मे

बबडीने वही पाहिली. (टेबलावर उघडी राहिली होती.) म्हणाली, आई, प्रवास, सोबत आणि रविवारी घरी येणं हे तीन रकाने नाहीत, एकच आहे. एकाच गोष्टीला तू तीनदा गुण दिलेस. मी म्हटलं, महत्त्वाची गोष्ट तीनदा बघावी लागते, गॅस बंद केलाय का ते मी तीनदाच बघते. ती म्हणाली, आणि शिक्षण सगळ्यात शेवटी? म्हटलं, शेवटी रकाना उरला होता.

हसली. म्हणजे पटलं.

८ मे

शाळेतल्या गणिताच्या बाई घरी आल्या. चहा अर्धाच घेतला आणि मुद्द्यावर आल्या. वीस मिनिटांच्या ठिकाणी म्हणे गणित नावालाच आहे, कॉमर्सच्या मुलांना लागतं तेवढं. शिकवणारे दोन, त्यातले एक कायम रजेवर. अकरा तासांच्या ठिकाणी मात्र एक प्रोफेसर बाई आहेत, त्या गाठींवर काम करतात.

कसल्या गाठी, मी विचारलं. दोरीच्या, बाई म्हणाल्या. कुठली गाठ सुटेल, कुठली कधीच सुटणार नाही, कुठल्या दोन गाठी दिसायला वेगळ्या पण मुळात एकच, ह्याचं मोठं शास्त्र आहे. मग लक्षात आलं, बबडी वर्षभर सुतळीचा तुकडा खिशात घेऊन का हिंडते. मला वाटत होतं सुतळी जपून ठेवायची सवय माझ्यावरून उचलली.

मी म्हटलं, पंचवीस वर्षं मी घरातल्या नाड्यांच्या गाठी सोडवतेय, मला कुणी प्रोफेसर म्हटलं नाही. ह्यांचा पेपर हलला. हसले असावेत.

जाताना बाई दारात थांबल्या. म्हणाल्या, एकतीस वर्षं शिकवतेय, अशी मुलगी एकदाच आली. मी म्हटलं, म्हणूनच तर जपायला हवं. बाईंनी चप्पल घालायला जरा जास्तच वेळ लावला.

९ मे

वन्संचा फोन. मी म्हटलं, निर्णय बबडीचाच आहे, मी त्यात नाही. वन्सं हसल्या. म्हणाल्या, वहिनी, तू शेजारणीला चाळणी दिलीस तर संध्याकाळपर्यंत दोनदा मागायला जातेस, पोरगी कसली सोडतेस. मी फोन ठेवल्यावर विचार केला. चाळणी वेगळी. चाळणी लोक खरंच परत करत नाहीत.

ठराव: वन्संना आपला मोकळेपणा दाखवून द्यायचा. बबडी आपण होऊन जवळचं निवडेल तेव्हा कसं, हे त्यांना कळेल.

११ मे

बबडीला घेऊन वीस मिनिटांचं विद्यापीठ पाहून आले. (सातच मिनिटं लागली असती, बस सिग्नलला अडकते.) प्रसन्न जागा. झाडांची सावली. पाण्याच्या टाकीवर धुतल्याची तारीख लिहिलेली, ह्याच महिन्यातली. पाण्याला पाच दिले होते ते योग्यच.

गणित विभागाला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, सर मंगळवारी येतात, आले तर. दाराच्या काचेतून पाहिलं, आत मोडक्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. नोटीस बोर्डावर दोन वर्षांपूर्वीची नोटीस. मी म्हटलं, बघ, इथे कुणाला कसली घाई नाही, निवांत अभ्यास होईल. बबडी काचेला नाक लावून उभी. काय बघतेस, विचारलं तर म्हणाली, खुर्च्या मोजतेय. त्रेसष्ट.

येताना एक शब्द बोलली नाही. जागा आवडली असावी.

१२ मे

नवस. बबडीचं मनासारखं होईपर्यंत माझ्या चहात साखर नाही. देवाला सांगितलं, पोरीच्या भल्याचं होऊ दे. भलं कशात आहे ते त्याला ठाऊक आहेच, तरी गैरसमज नको म्हणून वही त्याच्यापुढे रकान्याच्या पानावर उघडून ठेवली.

१३ मे, संध्याकाळी

बबडीने मोबाइलवर अकरा तासांच्या विद्यापीठाचा व्हिडिओ दाखवला. गाठीवाल्या प्रोफेसर बाई फळ्यापुढे उभ्या, हातात जाड दोर. केस नीट विंचरलेले नव्हते. बबडी भराभरा बोलत होती. इतकं एका दमात ती चौथीत बोलली होती, त्यानंतर आज. लायब्ररी रात्री दहापर्यंत उघडी, खोलीत दोघी, आणि आई, वर्षातून दोनदा तर घरी येणारच आहे.

वर्षातून दोनदा.

मला चक्कर आली. खरीच आली. सोफ्यावर पडले, सोफा शेजारीच होता म्हणून निभावलं. बबडीने पाणी आणलं, ह्यांनी पंखा वाढवला. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले बीपी उत्तम, माझ्यापेक्षा चांगलं. डॉक्टर अजून लहान आहेत, अनुभव नाही.

१४ मे

बबडी जवळ येऊन बसली. विचारलं, मी गेले तर तू दिवसभर काय करशील? मी म्हटलं, मला काय कामं कमी आहेत. हे ऑफिसला गेले की श्वास घ्यायला फुरसत नसते.

ती गेल्यावर सहज कामांची यादी केली. तिचा डबा, तिचे कपडे, तिची दुपारची खाण्याची वेळ, तिला उठवणं असं वजा करत गेले. उरलेली कामं सव्वाअकराला संपतात.

यादी चुकली असणार. उद्या परत करते.

१६ मे

बबडीने फॉर्म भरला. माझ्यासमोर नाही, आतल्या खोलीत, दार लोटून. बाहेर आली, म्हणाली, झालं एकदाचं. काय भरलंस विचारलं तर म्हणाली, पाचही भरली. क्रम विचारला तर म्हणाली, निकाल लागला की कळेलच, आणि तोंड धुवायला गेली. डोळे लाल.

मी काही विचारलं नाही. मध्ये पडायचं नाही असं ठरलंय. पण इतकी वर्षं संसार केलाय, रडून आलेलं माणूस काहीतरी लपवत असतं एवढं मला कळतं.

१८ मे, दुपारी तीन

फॉर्ममध्ये बदल करायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. बबडी मैत्रिणीकडे. मी फक्त बघणार होते. स्पेलिंगबिलिंग चुकलं असेल तर. पासवर्ड माझ्याकडेच असतो, घरातले सगळे पासवर्ड गॅसच्या नंबरखाली ह्याच वहीत लिहिलेले आहेत.

उघडला. पाच नावं, प्रत्येकासमोर चौकोन, वर लिहिलंय प्रेफरन्स. म्हणजे पसंती, एवढं इंग्रजी मॅट्रिकलाही होतं.

अकरा तासांच्या विद्यापीठासमोर पाच.

वीस मिनिटांच्या विद्यापीठासमोर एक.

एक. मी मिक्सरलासुद्धा कधी एक दिला नाही. अठरा वर्षं अंगाखांद्यावर वाढवली, तापात रात्र रात्र उशाशी बसले, आणि घराजवळच्या जागेला पाचपैकी एक.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटं

देवाला नमस्कार केला. मग दोन आकड्यांची अदलाबदल केली. अकराला एक, वीस मिनिटांच्याला पाच. बाकी तिघांना हात लावला नाही, अन्याय नको. लाल चौकोन आला, आर यू शुअर? मला खात्री होतीच, यस दाबलं. माझ्या मोबाइलवर मेसेज आला की फॉर्म बदलला आहे. तो पुसला.

हे मध्ये पडणं नव्हे. मूल विस्तवाकडे गेलं तर हात धरतोच ना आपण.

२० मे

मन हलकं. वन्संना आपण होऊन फोन केला. म्हटलं, बबडीने तिच्या मनाने फॉर्म भरलाय, मी चौकशीसुद्धा केली नाही. वन्सं म्हणाल्या, तब्येत बरी आहे ना वहिनी?

२४ मे

बबडीच्या अभ्यासाची जागा तयार केली. शिलाई मशीन कोपऱ्यातून हलवून पलंगाशी घेतलं, तिथे टेबल बसवलं. पुढची तीन वर्षं तिला इथेच बसायचं आहे, उजेड हवा. आता पलंगावर चढायला मशीनवरून पाय टाकावा लागतो. ह्यांनी दोनदा नडगी फोडून घेतली. होईल सवय.

बबडीने टेबलाकडे पाहिलं, छान आहे म्हणाली, अगदी ह्यांच्यासारखी. मग खिशातली सुतळी काढून मला दिली. म्हणाली, घे, कपडे वाळत घालायला होईल.

शहाणी झाली पोर. सुतळी चार हात भरली.

२८ मे

बाजारात गणिताच्या बाई समोरून येताना दिसल्या. बबडी माझा हात सोडून रस्ता ओलांडून पलीकडे गेली, भांड्यांच्या दुकानात. बाईंनी पाहिलं. मीही पाहिलं. बाई म्हणाल्या, बरी आहे ना? मी म्हटलं, ऊन लागतं तिला. त्या म्हणाल्या, दोन्ही बाजूंना ऊनच आहे.

बबडी आठ दिवस नीट जेवत नाही. अर्धी भाजी ताटात ठेवते. मनात खोट असली की अन्न गोड लागत नाही. आपल्या आईपासून आकडे लपवल्याचं तिला टोचतंय. मी मोठ्या मनाने काही बोलत नाही.

३ जून, सकाळी अकरा दहा

मेसेज आला. बबडी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून वाचत होती. मी कपबशा विसळत होते. म्हणाली, आई, हे अकरा तासांचं लागलंय.

(तीही आता तीच नावं घेते.)

मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. मग तिने फॉर्म उघडून पाहिला. त्यात सगळं लिहिलेलं असतं म्हणे, कोणत्या तारखेला, किती वाजता, काय बदललं. माझ्याकडे बघून म्हणाली, अठरा तारखेला दुपारी तीन वीसला मी घरी नव्हते. आई, तू बदललंस?

वाटलं, आता पकडले गेले. खोटं बोलायचं नाही, देव बघतोय. म्हटलं, हो, मीच बदललं.

बबडीने मला मिठी मारली. माझे हात साबणाचे. रडायलाच लागली. म्हणाली, आई, मी वीस मिनिटांचंच पहिलं टाकलं होतं गं. तुला चक्कर आल्यावर माझी हिंमतच होईना. आणि तू गुपचूप जाऊन अकरा तासांचं पहिलं केलंस. मला कळूसुद्धा दिलं नाहीस.

मी म्हटलं, पहिलं म्हणजे?

ती म्हणाली, एक नंबर. एक नंबर म्हणजे पहिली पसंती.

नळ चालूच होता. मी कधी नळ चालू ठेवत नाही.

३ जून, दुपारी

हे आज लवकर घरी आले. बबडी बाईंना पेढा द्यायला गेली होती. पेपर न उघडता माझ्यासमोर बसले, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. म्हणाले, दवाखान्यात नंबर लावला तर पहिला बरा की पाचवा? मी म्हटलं, काय विचारताय? म्हणाले, काही नाही, सहज.

मग म्हणाले, फॉर्म बदलल्याचा मेल माझ्याकडेही आला होता, अठरा तारखेला. तेव्हाच लक्षात आलं, तू गुण दिलेस. मी म्हटलं, मग सहाच्या आत बोलला का नाहीत? म्हणाले, म्हटलं देवाची इच्छा असेल.

ह्यांनी देवाचं नाव घेतलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. देवाच्या इच्छेशी मला भांडता येत नाही. त्यांना ते आधीच माहीत होतं, असा माझा संशय आहे.

४ जून, सकाळी

शांतपणे विचार केला. अजून काही बिघडलेलं नाही. मिळालेली जागा उद्या पाच वाजेपर्यंत स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारली तर पुढच्या यादीत नाव राहतं. वीस मिनिटांच्या ठिकाणी गणिताच्या चाळीसपैकी एकतीस जागा रिकाम्या आहेत, मी पाहिलं. म्हणजे बबडीला फक्त खरं काय ते सांगायचं. बबडी, आकड्यांची गल्लत झाली, मला मुळात तुला घरीच ठेवायचं होतं. एवढं म्हटलं की ती स्वतःच नाकारेल. तिने आधी भरलंच होतं ना जवळचं.

दोन वाक्यं आहेत. आज जेवताना सांगते.

४ जून, दुपारी

जेवायला वन्सं आल्या. बबडीने त्यांना सगळं सांगितलं होतं. वन्संनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, वहिनी, मी तुला ओळखलंच नाही. चाळणीवरून बोलले ते मनात ठेवू नकोस. त्यांच्या डोळ्यांत पाणी. वन्संच्या डोळ्यांत मी सासूबाई गेल्या तेव्हाही इतकं पाणी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी चहा केला. तुझा नवस फेडायचाय म्हणून दोन चमचे साखर घातली माझ्या कपात. मनासारखं झालंय का नाही ते मला ठरवता येईना. सगळी बघत होती. प्यायले.

४ जून, संध्याकाळी

गणिताच्या बाई आल्या. वाकून मला नमस्कार केला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या आहेत. मी मागे सरले, मागे मशीन होतं, टाच ठेचली. त्या म्हणाल्या, मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला, माफ करा. माझ्या आईने मला पाठवलं नव्हतं.

अशा वेळी माणसाने सांगायचं तरी कसं. उद्या सकाळी.

५ जून, नऊ

बबडी गात होती. आंघोळीनंतर सांगते.

साडेबारा

बबडी जेवली. दोनदा भाजी मागून घेतली. रिकामं ताट बघून बरं वाटलं, तेवढ्यात विसरले.

दोन

झोपली आहे. आठ-पंधरा दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपली. उठवणं योग्य नाही.

चार

उठली. मी म्हटलं, बबडी, तुझ्याशी एक बोलायचंय. ती म्हणाली, मलाही. आधी तू. मी म्हटलं, नाही, तू बोल. ती म्हणाली, आई, मला भीती वाटत होती की मी इथे राहिले आणि मला तुझा राग यायला लागला तर? दर दिवशी थोडा थोडा. ते कुलूप बघून आले ना, तेव्हापासून येत होता. आता नाही येत.

मग म्हणाली, तू बोल, काय म्हणत होतीस?

मी म्हटलं, चादरी दोन पुरतील का तीन नेतेस?

चार चाळीस

पालकाची सही लागते. ह्यांनी सही करायला चष्मा शोधायला सुरुवात केली. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता, मला दिसत होता, त्यांनाही माहीत असणार. म्हणाले, सापडत नाही, तूच कर.

बबडीने मोबाइल माझ्यापुढे धरला. काचेवर बोटाने सही करायची असते. सही वाकडी आली. माझी सही अशी येत नाही, पोस्टात कुणी चालवून घेणार नाही. काच गुळगुळीत असते, धरायला काही नसतं, त्यामुळे.

खाली विचारतात, विद्यार्थ्याशी नातं. आई लिहिलं. ते मात्र नीट आलं.

पाच पाच

मुदत संपली. आता मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. पण आता सांगून उपयोग काय. शिवाय आकडा कुणी बदलला, मीच बदलला. का बदलला ह्या रकान्याला तिथे जागा नव्हती.

१२ जून

बबडीला पोचवायला मी जाणार. ह्यांना रजा नाही. तिकिटाच्या खिडकीवर गेले. म्हटलं, जायचे दोन, यायचं एक. आतला माणूस भला होता. म्हणाला, बाई, दोघी जाताय तर येतानाचेही दोन काढा ना, एकदम काढले की स्वस्त पडतात.

मी म्हटलं, नको, एकच.

त्याने परत हिशेब करून दाखवला, कागदावर, किती वाचतील ते. हिशेब बरोबर होता. मी तपासला.

तो म्हणाला, मग?

आयुष्यात पहिल्यांदाच स्वस्त पडत असलेली गोष्ट मी नको म्हटली. जाताना खिडकी बबडीला दे म्हणून सांगितलं. येताना बाजूला कोण आहे, त्याने विचारलं. म्हटलं, कुणीही चालेल.